पत्त्याचा फेरफार

सकाळी ६.००
उठल्या उठल्या आधी इन्व्हर्टरकडे. बॅटरीचे सहा फ्लोट, त्यातले दोन लाल खुणेला टेकलेले. डिस्टिल्ड वॉटरची बाटली तिरकी धरून थेंब थेंब पाणी घातलं. एरवी हे काम महिनाभर पुढं ढकलते, पण आज रात्री साडेदहाला लाइट गेली आणि मी मधेच अडकले तर पुण्यातली चार माणसं माझ्या नावानं शंख करतील.

९.३०
मीटिंग. ग्राहकाची बिलिंगची यंत्रणा गूगल क्लाउडवर जुन्या प्रोजेक्टमधून नव्यात गेली. मागं राहिलेत तीन बाहेरचे आयपी पत्ते. ग्राहकाच्या बँकेचं दार या तीन पत्त्यांनाच उघडतं. नवे घ्यायचे तर बँकेला पत्र, सही, पुन्हा चाचणी, आणि त्यात महिना सहज जातो. त्यापेक्षा आहेत तेच पत्ते नव्या प्रोजेक्टच्या नावावर केलेले बरे.

११.००
रंगीत तालीम. एक फालतू पत्ता राखून ठेवला आणि त्याच्यावर एपीआय चालवून पाहिला. विनंती चार ओळींची: जुना प्रोजेक्ट, मुंबई रीजन, पत्त्याचं नाव, शेवटी ‘मूव्ह’; आत मजकुरात नव्या ठिकाणचा पूर्ण मार्ग. उत्तर आलं ४०३. परवानगी नाही. चूक माझीच. जुन्या प्रोजेक्टमध्ये मला सगळे हक्क होते, नव्यात नुसते बघण्याचे. देणाऱ्याकडं आणि घेणाऱ्याकडं, दोन्हीकडं हक्क लागतात. ते मिळवण्यात पाऊण तास गेला. दुसऱ्या खेपेला ‘पेंडिंग’, ‘रनिंग’, ‘डन’.

अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर २०२२ पासून वेगळी रीत आहे: एका खात्यानं पत्ता देऊ करायचा, दुसऱ्यानं ७ दिवसांत स्वीकारायचा. खरेदीखतासारखं, दोघं हजर. मला ती रीत जास्त आवडते, पण ग्राहक इकडं आहे.

१.१५
जेवताना अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, विचारलं, “आज सारखी पत्ता पत्ता करतीयास, कुणाचा पत्ता?”
“आकड्यांचा असतो अण्णा, मशीनचा. तो एका खात्यातनं दुसऱ्या खात्यात करायचाय.”
“म्हंजी फेरफारच की!”
बरोबर बोलले. शेत जाग्यावरच असतं, सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. इथंही आकडा तोच राहतो आणि मुंबईचा पत्ता मुंबईतच राहतो, दिल्ली रीजनला नेता येत नाही. फरक एवढाच की शेताचा फेरफार उभ्या उसासकट होतो. पत्ता मात्र आधी मशीनवरून सोडवून रिकामा करावा लागतो. मला धास्ती आहे ती त्या मधल्या वेळेची. तेवढा वेळ बँकेच्या लेखी आम्ही बेपत्ता.
“मंग रातचंच कर,” अण्णा म्हणाले आणि ताकाची वाटी पुढं केली.

४.००
रात्रीच्या पायऱ्या कागदावर पेननं लिहिल्या. स्क्रीनवरच्या यादीवर माझा विश्वास नाही. ‘रिलीज’ या शब्दावर लाल काट मारली. मशीनवरून पत्ता सोडवणं वेगळं आणि तो रिलीज करणं वेगळं. रिलीज केला की तो कंपनीच्या सामाईक साठ्यात जातो आणि उद्या कुणालाही मिळतो. आधीच्या नोकरीत एका सहकाऱ्यानं घाईत तेच केलं होतं. तो आकडा परत मिळाला नाही. आयपी व्हर्जन ४ मध्ये सगळे मिळून जेमतेम ४२९ कोटी आकडे. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाले. म्हणून तर रिकाम्या ठेवलेल्या पत्त्याचं भाडं वापरातल्यापेक्षा जास्त पडतं.

६.०० ते ९.००
धार, भाकरी, पोराचा पाढा. याचा हिशोब टाइमशीटमध्ये कुठं लिहायचा?

१०.३०
या आठवड्यात शेतीची थ्री फेज रात्रीची. अण्णा बॅटरी आणि काठी घेऊन मोटारीकडं निघाले, उसाला पाणी द्यायचंय. मी दार लावलं आणि पहिला पत्ता सोडवला. ‘इन यूज’चं ‘रिझर्व्ह्ड’ झालं. मूव्ह. ‘रनिंग’वर चाळीस सेकंद गेली असतील, पण तेवढ्यात मी दोनदा पाणी प्यायले. ‘डन’. नव्या मशीनला जोडला. दुसरा तसाच गेला. तिसऱ्याला लाइट झपकली, इन्व्हर्टरनं ‘टक’ केलं, राउटर चालूच राहिला.

१०.५२ ला बँकेकडं चाचणीची विनंती पाठवली. उत्तर आलं, २००. फोनवर पुण्यातला मुलगा म्हणाला, “मॅडम, झालं?” झालं. जुन्या प्रोजेक्टची पत्त्यांची यादी उघडली, तिथं एकही ओळ नव्हती.

तेवढ्यात अण्णांचा फोन. “आगं, फ्यूज गेलाय, वायरचा तुकडा घेऊन ये.” चप्पल घातली आणि निघाले.