‘भूल’ हा शब्द आणि स्नायुशिथिलक औषधे

परळच्या के. ई. एम., वाडिया किंवा टाटा रुग्णालयात शस्त्रक्रिया व्हावयाची असली, म्हणजे ‘रुग्णास भूल दिली’ एवढेच आपण म्हणतो. वस्तुतः या एका शब्दात तीन क्रिया सामावलेल्या आहेत: शुद्ध हरपणे, वेदना न जाणवणे आणि स्नायू सैल पडणे. पूर्वी ईथरसारखे एकच द्रव्य ही तिन्ही कार्ये करीत असे. तेव्हा एक शब्द पुरेसा होता. २३ जानेवारी १९४२ रोजी माँट्रियल येथे ग्रिफिथ व जॉन्सन यांनी शस्त्रक्रियेत क्युरारेचा उपयोग केला, आणि तिसरे कार्य स्वतंत्र औषधांकडे जाऊ लागले. क्रिया विभागल्या गेल्या; शब्द मात्र एकच राहिला.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. शिथिलक औषध शुद्ध हरपत नाही. स्कॉट स्मिथ या अमेरिकन डॉक्टराने स्वतःवर क्युरारेचा प्रयोग करवून घेतला. त्याचा वृत्तान्त १९४७ साली प्रसिद्ध झाला. शरीर निश्चल होऊनही त्याची शुद्ध आणि वेदनेची जाणीव शाबूत होती. निद्रा आणणारे औषध अपुरे पडल्यास रुग्ण जागा असूनही हालू वा बोलू शकत नाही, तो यामुळेच.

मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन स्रवते व त्यामुळे स्नायू आकुंचन पावतो. व्हेक्युरोनियमसारखी क्युरारेवर्गीय औषधे स्नायूवरील त्याची जागा अडवितात. नागाच्या विषातील एक घटकही हेच करतो. सक्सामेथोनियम मात्र स्नायूस आधी उत्तेजित करते व मग निश्चेष्ट करते. रक्तातील कोलीनेस्टरेज त्याचे विघटन करते, म्हणून त्याचा अंमल काही मिनिटांतच ओसरतो.

औषधांच्या परस्परक्रिया येथूनच उद्भवतात. निओस्टिग्मीन क्युरारेवर्गीय औषधांचा परिणाम उतरविते. परंतु कोलीनेस्टरेजलाही रोखत असल्यामुळे सक्सामेथोनियमचा अंमल तेच लांबविते. शेतावर फवारावयाची ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशके अंगात भिनली असल्यास हाच धोका संभवतो. काही घराण्यांत हे द्रव्य जन्मतःच सदोष वा अत्यल्प असते. आर्यवैश्य समाजात असा दोष विशेषत्वाने आढळला आहे. अशा रुग्णास काही तास कृत्रिम श्वसनावर ठेवावे लागते. क्षयावर दीर्घकाळ वापरलेले स्ट्रेप्टोमायसीन, गरोदरपणातील झटक्यांवर देण्यात येणारे मॅग्नेशियम सल्फेट आणि भुलेचे काही वायू क्युरारेवर्गीय औषधांचा परिणाम वाढवितात. मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या वा दीर्घकाळ पक्षाघाताने पडून राहिलेल्या रुग्णात सक्सामेथोनियममुळे रक्तातील पोटॅशियम एकाएकी वाढून हृदय बंद पडू शकते.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ जे प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरे शब्दाच्या बाह्य अर्थावर थांबून देऊ नयेत. ‘भुलेचा त्रास झाला होता काय?’ यास ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या भावास शस्त्रक्रियेनंतर बराच वेळ श्वास घेता आला नसेल. परंतु त्या घटनेस ‘भूल’ हे नाव त्या घरात कोणी दिलेलेच नसते. प्रश्न तीन करावेत: शुद्ध केव्हा आली? श्वास स्वतःहून केव्हा सुरू झाला? घरात असे कोणाचे झाले आहे काय? आणि चालू असलेले प्रत्येक औषध व फवारणीचे कामदेखील सांगावे. ‘भूल’ हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. त्याच्या पोटातील तीन अर्थ ओळखले, म्हणजे पुरे.