मालक गेले, क्लब तर आधीच गेला होता!

एखाद्या माणसाच्या जाण्यानं नेमकं काय वाटायला हवं, तेच कळत नाही... असं तुमचं कधी झालंय? फुटबॉलच्या फॅनला विचारा!

फुटबॉल फॅन आणि क्लबचा मालक यांचं नातं म्हणजे भाडेकरू आणि घरमालकाचं नातं. घर आपलं वाटतं. भिंतीवर खिळे आपण ठोकतो, पडदे आपण निवडतो, सणाला तोरणही आपणच लावतो. पण कागद त्याच्या नावावर! तो दिसत नाही तोवर सगळं मजेत चाललेलं असतं. आणि एक दिवस निरोप येतो, 'खाली करा.' असा घरमालक वारला, तर तुम्ही काय कराल? हार घेऊन जाल, की नुसतंच 'अरेरे' म्हणून चहा प्याल?

२०२३ साली हा प्रश्न दोनदा आला, तोही बरोब्बर दोन महिन्यांच्या अंतरानं. १२ एप्रिलला केशब महिंद्र गेले, वय ९९. १२ जूनला सिल्व्हिओ बर्लुस्कोनी गेले, वय ८६. एक जण मुंबईचा सभ्य, कमी बोलणारा उद्योगपती. दुसरा इटलीचा माजी पंतप्रधान, मीडियासम्राट आणि एसी मिलानचा सर्वेसर्वा. दोघांचं साम्य एकच. दोघांच्याही मागे एकेक फुटबॉल क्लब होता, आणि त्या क्लबवर जीव टाकणारे लोक होते.

आमच्या वाकोल्यातल्या फुटबॉलवाल्यांच्या ग्रुपवर जूनमध्ये मिलानवरून धुमाकूळ झाला. एप्रिलमध्ये मात्र एकानं महिंद्रंचा फोटो टाकला, खाली हात जोडल्याच्या तीन खुणा आल्या, आणि सगळे गप्प! मला त्या गप्प बसण्याचंच कुतूहल वाटलं. म्हणून जरा जुन्या मंडळींना गाठून बोलतं केलं.

जीपवाली टीम

वाकोला म्हटलं की बाकीच्या मुंबईला हायवेवरचा पूल आणि त्याच्याखालचा ट्रॅफिक आठवतो. पण इथल्या गावठाणातल्या, चर्चच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये फुटबॉल जुना आहे. बाजूलाच कलिन्यात एअर इंडियाची वसाहत, आणि एअर इंडियाची टीम तेव्हा नॅशनल लीगमध्ये खेळायची. त्यामुळे 'मुंबईचा क्लब' म्हणजे काय, हे इथल्या पोरांना शिकवावं लागलं नाही. मॅच असली की सांताक्रूझहून चर्चगेट लोकल, मग ओव्हलच्या कडेनं चालत थेट कूपरेज.

आणि त्या काळात कूपरेजवरचा सगळ्यात तगडा संघ म्हणजे महिंद्रा युनायटेड. लाल जर्सी, टोपणनाव 'जीपमेन'. सुरुवात १९६२ची, कंपनीची टीम म्हणून. २००० साली महिंद्रा युनायटेड हे नाव आलं. ड्युरँड कप तीनदा (१९९८, २००१, २००८). फेडरेशन कप दोनदा (२००३, २००५). कोलकात्यात जाऊन आयएफए शिल्डही उचलली. पण खरा धमाका २००५-०६ चा. डेरिक परेरा कोच, पुढे ब्राझीलचा बरेटो आणि घानाचा याकुबू, आणि नॅशनल फुटबॉल लीग मुंबईत! त्याआधी मुंबईच्या एकाही क्लबला ती जमली नव्हती. पुढच्याच वर्षी टीम एएफसी कपच्या क्वार्टर फायनलपर्यंत गेली.

आमच्या गल्लीतले एक अंकल आजही सांगतात, "तेव्हा तिकीट काढायला लाइन नव्हती मॅन, पण टीम अशी होती की कोलकातावाले पण टरकायचे!"

आता बोला. ज्या कंपनीनं हे सगळं दिलं, तिचे केशब महिंद्र १९६३ पासून २०१२ पर्यंत अध्यक्ष होते. म्हणजे क्लबच्या जन्मानंतर वर्षभरानं ते खुर्चीवर बसले, आणि क्लब संपल्यावर दोन वर्षांनी उठले. क्लबचं जवळपास सगळं आयुष्य त्यांच्याच कारकिर्दीत गेलं. मग हात जोडायला काय हरकत आहे?

बजेटमधली एक ओळ

हरकत आहे ती २०१० ची. २००९-१० चा सीझन संपला आणि क्लबही संपला. टीम हरत होती का? नाही. खाली घसरली होती का? तेही नाही. कंपनीनं ठरवलं की प्रोफेशनल टीम चालवण्याऐवजी शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष द्यायचं. झालं!

तुम्ही-आम्ही ऑफिसवाले. आपल्याला हे नवीन नाही. चांगला चाललेला प्रोजेक्ट, टीम मस्त जमलेली, आणि एका सोमवारी मेल येतो, 'स्ट्रॅटेजिक फोकस' बदललाय. कोणी वाईट नसतं, कोणी ओरडत नाही. एक्सेल शीटमधली एक ओळ डिलीट होते, एवढंच. त्या काळात भारतातल्या कॉर्पोरेट टीमचं गणित असंच होतं. तिकिटांचे पैसे किरकोळ, टीव्हीचे नसल्यासारखेच, आणि परदेशी खेळाडूंचे पगार मात्र वाढते. त्यामुळे टीम म्हणजे नफ्याचा धंदा नव्हता, तर कंपनीची हौस होती. हौसेला कधी ना कधी कात्री लागतेच. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, पंजाबच्या जेसीटीनं आपली टीम बंद केली. ही टीम तर पहिल्यावहिल्या नॅशनल लीगची विजेती!

म्हणूनच फॅन्सना राग कोणावर काढायचा तेच कळलं नाही. इंग्लंडमध्ये मालकाच्या नावानं बॅनर लागतात, घोषणा होतात. इथे मालक म्हणजे एक लेटरहेड. केशब महिंद्रंनी स्वतः बसून टीम बंद केली, असं म्हणणं अन्याय ठरेल. रोजचा कारभार तोवर पुढच्या पिढीकडे गेला होता. पण मग १९६२ पासूनच्या टीमचं श्रेय त्यांना द्यायचं आणि २०१०चा हिशोब मात्र 'कंपनी'च्या नावावर टाकायचा, हे तरी कसं चालेल? श्रेय घ्यायचं तर दोन्ही बाजूंनी घ्या ना!

अंकलचं उत्तर सोपं होतं. "गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. पण आमची टीम का बंद केली, ते विचारायचं राहून गेलं."

त्याच वर्षीची दुसरी बातमी

हा लेख इथे संपला असता, तर किती बरं झालं असतं! पण २०१० साली केशब महिंद्रंचं नाव आणखी एका बातमीत आलं, आणि ती क्रीडा पानावरची नव्हती.

७ जून २०१० रोजी भोपाळच्या कोर्टानं गॅसकांडाच्या खटल्यात त्यांना दोषी ठरवलं. १९८४ साली ते युनियन कार्बाइडच्या भारतीय कंपनीचे नॉन-एक्झिक्युटिव्ह अध्यक्ष होते. २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या त्या रात्री तिथल्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट गळला आणि हजारो माणसं मेली. कलम होतं निष्काळजीपणाचं, ३०४-अ. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं आधीचं जास्त कडक कलम काढून हे लावलं होतं. त्यामुळे शिक्षा झाली दोन वर्षांची आणि एक लाख रुपये दंडाची. जामीन लगेच मिळाला. रोजच्या कामकाजाशी नॉन-एक्झिक्युटिव्ह अध्यक्षाचा संबंध नसतो, अशी त्यांची बाजू होती. कोर्टाला ती पटली नाही.

माझी एक सहकारी भोपाळमध्ये वाढलेली. बीकेसीतल्या ऑफिसमध्ये लंचला मी तिला या लेखाबद्दल सांगितलं. म्हटलं, फॅन्सच्या मनात कसं दोन्ही आहे, कृतज्ञता आणि रुसवा, वगैरे. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचा क्लब गेला, याचं वाईट वाटतं मला. पण ते नाव वाचलं की मला फुटबॉल आठवत नाही."

टिफिन बंद करून ती निघूनही गेली. माझी मात्र पंचाईत झाली. कारण तिच्या वाक्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. एकाच नावाचे दोन अर्थ दोन शहरांत असू शकतात, एवढंच ती सांगत होती. ग्रुपवरच्या एप्रिलमधल्या त्या शांततेचं थोडं कोडं मला तिथे सुटलं. ती शांतता उदासीनतेची नव्हती. लोकांना काय लिहावं तेच सुचलं नव्हतं.

मिलानवाले बरे!

बर्लुस्कोनींच्या बाबतीत निदान गोंधळ उघड होता. फेब्रुवारी १९८६ मध्ये त्यांनी मिलान घेतला, तेव्हा क्लब दिवाळखोरीच्या काठावर होता. त्याच उन्हाळ्यात वाग्नरच्या संगीताच्या गजरात हेलिकॉप्टरमधून टीम मैदानात उतरवली! लोक हसले. मग पाच वेळा युरोपचा कप आला, १९८९, १९९०, १९९४, २००३ आणि २००७. हसणारे गप्प झाले. २०१७ साली त्यांनी क्लब विकला.

आणि दुसरीकडे? २०१३ साली करचुकवेगिरीची शिक्षा कायम झाली, ती त्यांनी वृद्धाश्रमात समाजसेवा करून भोगली. शिवाय बाकीचे खटले आणि भानगडी वेगळ्याच. तरी १४ जून २०२३ ला मिलानच्या कॅथेड्रलमध्ये सरकारी इतमामानं निरोप दिला गेला, तेव्हा बाहेरच्या चौकात लाल-काळे झेंडे होते. आणि सरकारी दुखवटा कशासाठी, असं विचारणारे लोकही त्याच इटलीत होते.

आमच्या ग्रुपवरचा एक कट्टर मिलानवाला म्हणाला, "मला त्याचं राजकारण पटत नाही. पण माझं लहानपण त्यानं विकत घेऊन मला गिफ्ट दिलं. त्याचं काय करू?"

क्या बात है! फॅनची अडचण इतक्या थोडक्यात मी दुसरीकडे ऐकलेली नाही. क्लबवरचं प्रेम आपण स्वतः केलेलं असतं, पण त्याचं बिल दुसऱ्या कोणीतरी भरलेलं असतं. ते पैसे कुठून आले, हे आपण मॅच चालू असताना विचारत नाही. विचारायची वेळ येते ती मालक गेल्यावर.

मग करायचं काय?

मला विचाराल तर सगळ्यात आधी, एकच निकाल लावायचा हट्ट सोडायचा. माणूस म्हणजे नव्वद मिनिटांची मॅच नव्हे, की शेवटी एकच स्कोअर लागावा. २००६चं विजेतेपद खरं. २०१०चं कुलूप खरं. आणि भोपाळही खरंच. यातलं एक दुसऱ्याला खोडत नाही. याच्यात बेरीज-वजाबाकी करून 'एकूणात चांगला माणूस' किंवा 'एकूणात वाईट माणूस' असं उत्तर काढायचं, तर त्यासाठी आपण कोण? विशेषतः भोपाळची वजाबाकी करण्याचा हक्क तर मुंबईच्या फॅनला अजिबात नाही.

दुसरं, श्रद्धांजली द्यायचीच असेल तर पत्ता नीट लिहा. गोल मालकानं मारलेले नव्हते. स्टीव्हन डायससारखा मुंबईचा विंगर त्या लाल जर्सीत खेळला, इंडियाकडूनही खेळला. खालिद जमील त्याच टीममध्ये होता. पुढे कोच म्हणून त्यानं २०१७ मध्ये आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली, आणि २०२५ मध्ये तो इंडियाचा कोच झाला. क्लब बंद झाला तरी काहीतरी उरतं, ते असं माणसांमध्ये.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. मालक असताना प्रश्न विचारायला शिका! कोलकात्याकडे बघा. २०२० मध्ये मोहन बागानच्या नावाला एटीके जोडलं गेलं, तेव्हा फॅन्स रस्त्यावर उतरले, तीन वर्षं मागे लागले. २०२३ मध्ये ते एटीके नावातून गेलं. मालकी कंपनीकडेच राहिली, पण नावासाठी फॅन्सना कोणीतरी मोजलं. जर्मनीत तर मोजके अपवाद सोडले, तर क्लबमधली बहुमताची मतं सभासदांकडेच ठेवायचा नियम आहे. आपल्याकडे जीपमेनच्या फॅनजवळ काय होतं? ना सभासदाचं कार्ड, ना मत. होती ती फक्त चर्चगेटची रिटर्न तिकिटं.

मुंबईनं त्यानंतरही हे पाहिलंय. २००७ मध्ये सुरू झालेला मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली गेला आणि त्याचीही गोष्ट तिथेच आटोपली. २०१४ मध्ये मुंबई सिटी आली, २०२०-२१ मध्ये चॅम्पियन झाली, आणि आज वाकोल्यातली कॉलेजची पोरं तिच्या निळ्या जर्सीत फिरतात. त्यांना महिंद्रा युनायटेड म्हटलं की जीप आठवते, टीम नाही. चूक त्यांची नाही.

फक्त त्यांना एक सांगावंसं वाटतं. बॉस, जर्सीवरचा लोगो तुमच्या छातीवर आहे म्हणून तो तुमचा आहे, असं समजू नका. कागद कोणाच्या नावावर आहे, ते एकदा बघून ठेवा. मग खुशाल खिळे ठोका!