जुना रॅक सर्व्हर घ्यावा की मशीन जुळवावं?

मोड देऊन नवं भांडं घेणं आम्हा सोनगीरकरांना नवं नाही. कंपन्याही सर्व्हर असेच मोडीत काढतात, आणि मग डेलचा पॉवरएज आर ७२० नव्या डेस्कटॉपपेक्षा स्वस्तात हाती येतो.

मोह होतोच. दोन झिऑन प्रोसेसर, रॅमच्या २४ जागा, दोन पॉवर सप्लाय; एक गेला तरी मशीन चालू. वर आयड्रॅक, म्हणजे धुळ्यात बसून सोनगीरचं मशीन बंद-चालू करा!

पण हे मॉडेल २०१२ सालचं. काम नसतानाही १०० वॅट धरा, महिन्याला ७२ युनिट. जुळवलेलं साधं चार कोअरचं मशीन ३० वॅटमध्ये भागवतं, म्हणजे २२ युनिटच्या आत. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर किती वेळ दम धरेल, तो हिशोब वेगळाच. पंख्यांचं तर विचारूच नका! बटण दाबलं की पहिली काही सेकंदं घरात पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटतं. शिवाय आत जाणारी हवा एरवी ३५ अंशांपर्यंतच असावी, असं कंपनी सांगते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे.

माझं मत विचाराल, तर व्हर्च्युअल मशीन, रेड वगैरे शिकायचं असेल तर जुना घ्या. घरचे फोटो आणि दुकानाचा हिशोब ठेवायचा असेल तर जुळवा.

घेणारच असाल तर डिस्कचे कॅडी आणि रेल विक्रेत्याकडून आधीच मागून घ्या. आणि टेप लावून जागा मोजा. हा गडी जवळपास ७० सेंटिमीटर खोल आहे, भिंतीवरच्या छोट्या रॅकमध्ये मावत नाही.