चावी एक, राखणदार चार

इथेरियम या ब्लॉकचेनवर व्हॅलिडेटर (व्यवहार तपासून त्यावर सही करणारा) चालवायचा तर किमान 32 इथर, म्हणजे तिथलं चलन, अडकवावे लागतात. मशीन बंद पडलं की थोडा दंड बसतो. त्या धास्तीने व्हॅलिडेटरची सहीची चावी दुसऱ्या मशीनवरही चढवणं त्याहून घातक, कारण दोन परस्परविरोधी सह्या गेल्या की 'स्लॅशिंग', म्हणजे थेट मुद्दलाला कात्री.

वितरित व्हॅलिडेटर, म्हणजे एकच व्हॅलिडेटर अनेक मशीननी (नोडनी) मिळून चालवणं, हा त्यावरचा तोडगा. ओबोल या प्रकल्पाच्या 'कॅरॉन' सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक चालक आधी आपल्या नोडची ओळख-चावी बनवतो. मग सगळे एकाच वेळी ऑनलाइन येऊन सहीच्या चावीचे तुकडे घडवतात. एक जरी गैरहजर राहिला तरी हा विधी अडतो! अख्खी चावी मात्र कोणत्याच मशीनवर कधी तयार होत नाही. चार नोडपैकी तिघांच्या सह्या जुळल्या की काम भागतं; सातांच्या गटात पाच लागतात. नोड एकमेकांशी बोलतात ते सहसा 3610 या पोर्टवरून. राउटरवर तो उघडायचा राहिला तर बाकी सगळं बरोबर असूनही गाडी मंदावू शकते.

चौघांनीही एकाच कंपनीचा क्लाउड घेतला तर तो बंद पडताच चारही नोड एकदम बंद, आणि हा खटाटोप बराचसा फुकट. खरे इथर लावण्याआधी 'हूडी' या चाचणी-नेटवर्कवर सराव करा, आणि चावीच्या तुकड्याची प्रत मशीनबाहेर जपून ठेवा.