नारू गेला, हिवताप परतला

आरोग्याचा एखादा सरकारी कार्यक्रम सुरू होतो तेव्हा उद्घाटन होते, भिंती रंगतात, अंदाजपत्रकात रक्कम दिसते. तो संपतो तेव्हा बहुधा कोणाला कळतही नाही. एका वर्षी रिक्त जागा भरल्या जात नाहीत, पुढच्या वर्षी औषधांचा साठा उशिरा येतो आणि मग तो कार्यक्रम दुसऱ्या एखाद्या कार्यक्रमात ‘विलीन’ होतो. सुरुवातीच्या निर्णयाची जेवढी चिकित्सा होते तेवढी शेवटाची होत नाही. वास्तविक पैसा आणि माणसे मोजकी असल्यामुळे काही कामे थांबवावी लागतातच. प्रश्न एवढाच, की कोणते काम केव्हा थांबवायचे हे ठरवायचे कशावरून? आपल्याच देशातील काही रोगांचा इतिहास या प्रश्नाची बरीचशी उकल करतो.

पहिला नारू. आजच्या तिशीतल्या वाचकाला हा शब्द शब्दकोशातच भेटेल. माझ्या आजोबांच्या घोट्याजवळ नारूचा व्रण होता. बाहेर आलेले टोक काडीला गुंडाळून रोज थोडेथोडे कसे ओढत, हे ते सांगत. पिण्याच्या पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जीवामधून या कृमीची अळी पोटात जाते आणि सुमारे वर्षभराने हातभर लांबीची मादी, बहुधा पायातून, बाहेर पडते. आग शमवण्यासाठी रोगी पाय पाण्यात बुडवतो आणि नव्या अळ्या पाण्यात जातात. रोगावर लस नव्हती, औषधही नव्हते. पण साखळी एकाच जागी तुटत होती: पाण्यात पाय जाऊ न देणे आणि पाणी गाळून पिणे. १९८३-८४मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रासह बाधित राज्यांत पायऱ्यांच्या विहिरींची रचना बदलली, हातपंप बसले, पाण्यात औषध टाकले गेले, गाळण्यासाठी कापड वाटले गेले. शेवटचा रुग्ण जुलै १९९६मध्ये राजस्थानात सापडला. मात्र नारूमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले ते २०००मध्ये. मधल्या काळात रोग नसलेल्या गावांतही शोध चालू होता, रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस जाहीर होते. रुग्ण शून्य असताना केलेला हा खर्च वाया गेला असे हिशेबनिसाला वाटेल. माझ्या मते संपूर्ण कार्यक्रमातला तोच सर्वांत सार्थकी लागलेला खर्च होता. कारण रोग संपला आहे की नुसता दिसेनासा झाला आहे, हे त्याशिवाय कळलेच नसते.

हिवतापाबाबत नेमके उलटे घडले. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि ८ लाख माणसे दगावत, असा अंदाज होता. १९५३मध्ये नियंत्रणाचा आणि १९५८मध्ये निर्मूलनाचा कार्यक्रम आला. घरोघर डीडीटीची फवारणी झाली. तापाच्या रुग्णाचा रक्तनमुना घेण्यासाठी कर्मचारी दर पंधरवड्याला दारी येऊ लागला. साठच्या दशकाच्या मध्याला नोंदलेले रुग्ण लाखाच्या आसपास आले. यश मिळालेल्या भागांत फवारणी थांबली आणि देखरेखीचे काम सर्वसाधारण आरोग्यसेवेकडे सोपवले गेले. ही सेवा ग्रामीण भागात पुरेशी उभीच राहिलेली नव्हती. डीडीटीचा पुरवठा अनियमित झाला, डास त्याला दाद देईनासे झाले. १९७६मध्ये रुग्णांची संख्या ६४ लाखांवर गेली. शेजारच्या श्रीलंकेत १९६३मध्ये केवळ १७ रुग्ण होते. फवारणी थांबवल्यानंतर १९६८-६९मध्ये ते ५ लाखांवर गेले. दोन्हीकडे रुग्ण कमी झाले होते, पण डास, पाणी आणि दाटीवाटीची वस्ती जागच्या जागी होती. नारूची साखळी तुटली होती. हिवतापाची फक्त दाबून धरली होती. दाबलेला हात काढला की काय होणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

कुष्ठरोगाचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण तिथे प्रश्न आकड्याचा आहे. दहा हजार लोकसंख्येमागे उपचाराखाली असलेले रुग्ण एकापेक्षा कमी झाले, की रोगाचे ‘दूरीकरण’ झाले, असे सूत्र ठरले होते. डिसेंबर २००५मध्ये भारताने राष्ट्रीय पातळीवर ते गाठले. बहुविध औषधोपचाराचे श्रेय त्यात मोठेच आहे. पण हा आकडा काय मोजतो ते पाहा. समजा, एका तालुक्यात दरवर्षी १०० नवे रुग्ण सापडतात. उपचार २४ महिन्यांचा असेल तर दप्तरात एका वेळी २०० नावे असतील. तोच १२ महिन्यांचा केला तर १००. लागण तेवढीच, नावे निम्मी! नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बहुजिवाणू रुग्णांचा उपचार याचप्रमाणे २४ महिन्यांवरून १२ महिन्यांवर आणला गेला होता. तो वैद्यकीयदृष्ट्या योग्यच होता. मात्र त्यामुळे घटलेल्या नोंदींचा अर्थ लागण घटली असा होत नाही. ध्येय गाठल्यावर घरोघरचा शोध मंदावला. जो शोधत नाही त्याला सापडत नाही. तरीही पुढची दहा वर्षे दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण नोंदले जात राहिले, आणि त्यांत लहान मुले होती. मुलाला कुष्ठरोग होणे म्हणजे लागण अलीकडचीच आहे. अखेर २०१६मध्ये घरोघर जाऊन रुग्ण शोधण्याची मोहीम पुन्हा हाती घ्यावी लागली. मधल्या काळात ज्यांचे निदान उशिरा झाले, त्यांच्या बधिर हातापायांची भरपाई कोणत्याही मोहिमेने होणार नाही.

मग काहीच बंद करू नये काय? तसे नाही. अमेरिकेत १९४९नंतर देवीचा रुग्ण आढळला नव्हता, पण १९६८ या एका वर्षात देवीच्या लसीच्या दुष्परिणामांनी तिथे ९ मृत्यू झाले. रोगापेक्षा उपाय महाग पडू लागला होता. १९७२मध्ये त्यांनी सरसकट लसीकरण थांबवले. त्याच काळात भारताला ते थांबवणे शक्यच नव्हते. इथे १९७४मध्ये देवीची भीषण साथ आली. एकच लस, एकच दशक, आणि दोन देशांत दोन्ही विरुद्ध निर्णय बरोबर!

कधी तर कार्यक्रम अपयशी ठरूनही चालू ठेवणे योग्य असते. तमिळनाडूतील चिंगलपेट येथे १९६८मध्ये बीसीजी लसीची प्रचंड चाचणी सुरू झाली. प्रौढांच्या फुफ्फुसांच्या क्षयापासून ती संरक्षण देत नाही, असा निष्कर्ष निघाला. तरी आज आपल्याकडे जन्मलेल्या बाळाला ती टोचली जाते, कारण बालकांमधील क्षयजन्य मेंदूज्वरासारख्या गंभीर आजारांपासून ती वाचवते. लस तीच राहिली. तिच्याकडून धरायची अपेक्षा बदलली.

या साऱ्यातून मला तीन प्रश्न हाती लागतात. रोगाची साखळी तुटली आहे, की केवळ दाबून धरली आहे? ज्या आकड्याच्या आधारे आपण थांबतो आहोत, तो लागण मोजतो की दप्तर? आणि थांबल्यानंतर पाहत कोण राहणार? यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत स्वस्त आहे आणि तोच सर्वांत आधी विसरला जातो. कार्यक्रम बंद करण्याच्या आदेशातच पुढची काही वर्षे पाहणी करणाऱ्याचे पद आणि त्याचा पगार लिहिलेला असावा. तो लिहिलेला नसेल, तर तो आदेश रोग संपल्याचा नसून आपले लक्ष संपल्याचा आहे, असे समजावे.