गल्ली नंबर चार आणि एकशे त्र्याऐंशीवा रस्ता

(लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात पेठ, पुरा, आळी, वाडा आणि गढी या वस्तिवाचक शब्दांची कुळकथा आपण पाहिली. कोणत्या शब्दामागे व्यापाऱ्याला दिलेला कौल उभा आहे आणि कोणत्या शब्दामागे पाटलाचा मातीचा बुरूज, हेही ध्यानात घेतले. ती नावे दफ्तरात चढलेली होती. कुणी वतनदाराने, कुणी कमाविसदाराने, पुढे नगरपालिकेच्या कारकुनाने ती लिहिली, आणि लिहिणाऱ्याच्या हाताला कुणी हरकत घेतली नाही. आज ज्या लेखनाचा विचार करायचा आहे ते त्याच नावांचे, पण निराळ्या हाताचे आहे. वस्तीतला एखादा पोर, त्याला कुणी सांगितलेले नसता, आपल्या नावापुढे आपल्या गल्लीचे नाव भिंतीवर, खांबावर, बाकावर किंवा गाडीच्या मागच्या काचेवर का लिहितो, आणि त्या लिहिण्याला कधी हौस, कधी उपद्रव, तर कधी गुन्हा अशी निरनिराळी नावे कोण देतो, हा आजचा विषय.

चोपड्याहून यावलकडे जाणाऱ्या बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहिले, तरी या लेखनाचे नमुने पुष्कळ दिसतात. दुचाकीच्या मागच्या पाटीवर इंग्रजी वळणाचे चार-एक-चार-एक हे आकडे असे जवळजवळ आणि असे वाकवून काढलेले असतात, की पाहणाऱ्याने आकडा न वाचता ‘दादा’ असे वाचावे. दोन-एक-चार या आकड्यांचा त्याच युक्तीने ‘राम’ होतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी या आकड्यांची उंची, जाडी आणि त्यांच्यामधले अंतर ठरवून दिलेले आहे. तरीही सरकारने ओळख पटविण्यासाठी दिलेल्या आकड्यातून तरुणाने आपली स्वतःची ओळख काढून घेतली, ही गोष्ट मला केवळ नियमभंग म्हणून सोडून द्यावीशी वाटत नाही. त्याहून सूचक आहे तो नुसता ‘एमएच १९’. वास्तविक तो जळगाव जिल्ह्याच्या परिवहन नोंदीचा संकेत. धुळ्याचा अठरा, नंदुरबारचा एकोणचाळीस. परंतु पुण्याला शिकायला गेलेला किंवा सुरतेच्या लिंबायत-उधन्याकडे पोटासाठी गेलेला खानदेशी मुलगा जेव्हा सदऱ्यावर किंवा गाडीच्या काचेवर ‘१९’ एवढेच लिहून हिंडतो, तेव्हा तो आकडा कचेरीचा राहत नाही. तो त्याच्या मुलुखाचे नाव होतो.

आकड्याचे आडनाव होण्याची ही क्रिया आपल्याकडेच घडली असे नाही. १९७१ च्या जुलै महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या पत्राने एका पोराविषयी वृत्तान्त छापला. निरोप पोहोचविण्याच्या कामावर असलेला हा ग्रीक कुळातला मुलगा शहरभर पायपीट करताना जिन्यांवर, भुयारी गाडीच्या स्थानकांवर आणि खांबांवर जाड शाईच्या लेखणीने ‘टाकी १८३’ एवढी अक्षरे लिहीत असे. टाकी हे त्याच्या नावाचे घरगुती रूप. १८३ हा तो राहत होता त्या रस्त्याचा क्रमांक. त्याच्या आधी ‘जूलिओ २०४’ लिहिणारा दुसरा एक पोर होताच. टाकीचे नाव वर्तमानपत्रात आल्यावर मात्र अशी अक्षरे लिहिणाऱ्यांची शहरात रीघ लागली. लाखो लोकांच्या त्या नगरीत ज्याला कुणी ओळखत नव्हते, त्याने स्वतःला नाव आणि ठिकाण अशी दोनच पदे दिली, आणि तेवढ्यावर त्याची ओळख शहरभर झाली.

हा वृत्तान्त मी प्रथम वाचला तेव्हा मला धुळे आठवले. १८१८ साली खानदेश इंग्रजी अमलाखाली आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्यास जिल्ह्याचे मुख्य ठाणे केले, व्यापारी आणि कारागीर यांना जागा व सवलती देऊन बोलाविले, आणि जुन्या गावाशेजारी आखीव वस्ती उभी राहिली. त्या धुळ्याच्या गल्ल्या आजही क्रमांकाने ओळखल्या जातात: गल्ली नंबर एक, गल्ली नंबर चार, गल्ली नंबर सात. परक्याला हे आकडे रुक्ष वाटतात. पण तिथल्या माणसाच्या तोंडून ‘हाऊ चार नंबरना पोऱ्या शे’ हे अहिराणी वाक्य ऐकावे, म्हणजे त्या ‘चार’मध्ये केवढा जिव्हाळा आणि प्रसंगी केवढा दरारा भरलेला आहे ते कळते. गणपतीच्या मिरवणुकीत कोणाचे ढोल पुढे, होळीला लाकडे कोणी कोणाच्या हद्दीतून नेली, असे तंटे या आकड्यांच्या नावानेच मांडले जातात आणि त्यांच्याच नावाने मिटविले जातात. न्यूयॉर्कच्या पोराने जे खांबावर लिहिले, ते धुळ्याच्या पोराच्या जिभेवर आयतेच होते.

आता या पोरांच्या समुदायाला काय म्हणावे? ‘टोळी’ म्हटले की पेंढाऱ्यांची आणि टोळधाडीची आठवण येते. ‘कंपू’ हा शब्द शिंद्यांच्या कवायती फौजेच्या तळावरून आला आणि आज एकमेकांना धरून राहणाऱ्यांच्या गटाला लागला. गल्लीतली पोरे मात्र स्वतःला ‘ग्रुप’ किंवा ‘मंडळ’ म्हणवितात. शिकागो विद्यापीठाच्या फ्रेडरिक थ्रॅशर या समाजशास्त्रज्ञाने १९२७ साली त्या शहरातील १३१३ टोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यातून एक मर्माची गोष्ट पुढे आणली. टोळी ही श्रीमंत पेठेत उगवत नाही आणि जुन्या, घट्ट विणलेल्या वस्तीतही सहसा उगवत नाही. ती उगवते दोहोंच्या मधल्या जागेत, म्हणजे रेल्वेचे रूळ, कारखान्याची मागची भिंत आणि नुकतेच आलेले बिऱ्हाड यांच्या सांदीत, जिथे आईबापांचे गाव सुटलेले असते आणि नवे शहर अजून आपले म्हणत नसते. याच शिकागोत पुढे चिन्हांची एवढी बारकाई झाली, की पाच टोकांची चांदणी एका गोटाची आणि सहा टोकांची दुसऱ्याची. प्रतिपक्षाचे चिन्ह उलटे काढले तर तो उघड अपमान, आणि त्या अपमानापायी रक्तही सांडले. ते मी सौम्य करून सांगू इच्छीत नाही. परंतु चिन्हाच्या मागची भूक आधी होती, रक्त नंतरचे.

भिंतीवर नाव लिहिण्याच्या बाबतीत आपल्या प्रदेशाइतका जुना दाखला क्वचितच कुठे मिळेल. जळगाव जिल्ह्याच्या सीमेलगत अजिंठ्याचे दहावे लेणे आहे. त्याच्या दर्शनी भागावर ब्राह्मी अक्षरांत ‘वासिठीपुत कटहादि’ याचे दान कोरलेले आहे; ते दोन सहस्र वर्षांच्या आसपासचे. त्याच लेण्यात, आतल्या चित्रित बोधिसत्त्वाच्या अंगावर, जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज घोडदळाच्या अधिकाऱ्याने आपले नाव, आपले पथक आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख ओरखडली. स्मिथ शिकारीसाठी आला होता. त्याच्या येण्यामुळे लेणी युरोपला ठाऊक झाली, म्हणून त्याचा ओरखडा आज मार्गदर्शक आदराने दाखवितात. माझे म्हणणे एवढेच, की नाव आणि आपला समूह ही दोन्ही अंगे त्या ओरखड्यात आहेत, आणि लिहिण्यासाठी निवडलेली जागा तर नगरपालिकेच्या कुठल्याही भिंतीहून अनंतपटीने मोलाची होती. तरी त्याची नोंद इतिहासाच्या खात्यात झाली. चौकातल्या पोराच्या अक्षरांची नोंद मालमत्तेच्या विद्रूपीकरणास प्रतिबंध करणाऱ्या १९९५ च्या कायद्याखाली होते.

लेखनाचे जे, तेच बोलीचे. इथे मी थोडा अधिक थांबणार आहे, कारण हा भाग आमच्या गावाच्या अंगवळणी पडलेला आहे. मराठी व्यापाऱ्यांत आणि दलालांत ‘नंदभाषा’ नावाची एक गुप्त बोली चालत असे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत तिची नोंद आहे, आणि तिच्यातली संख्यावाचक पदेही दिलेली आहेत: अवारू म्हणजे दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, शेली सहा, पवित्र सात, मंगी आठ, अंगुळू दहा. समजा, कापसाची गाडी घेऊन कुणबी अडत्याच्या ओट्यासमोर उभा आहे. भाव त्याने अजून सांगितलेला नाही. अडत्या गुमास्त्याकडे वळून, जणू देवघरातले काही विचारावे अशा स्वरात, ‘पवित्र पुरे’ म्हणतो, आणि सातावर बोलणे थांबवायचे हे दोघांमध्ये ठरून जाते. गाडीवाल्याला शब्द ऐकू येतो, अर्थ येत नाही. बैलबाजारात हेच काम उपरण्याखाली होते: दोघे दलाल एकमेकांची बोटे चाचपतात, चेहरे आभाळाकडे, आणि बैलाचा धनी शेजारीच उभा. या व्यवहारात ठकविला जातो तो बहुधा शेतकरीच. असे असूनही या बोलीला आपण चातुर्य म्हणत आलो. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत झाकून ठेवले, आणि ज्यांनी अखेरचा श्वास १९२६ साली धुळ्यात घेतला त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्यांची किल्ली शोधून काढली, तेव्हा त्या गुप्ततेलाही आपण पंथनिष्ठा म्हटले, आणि ते यथार्थच होते.

मुंबईच्या टोळ्यांनीही पैशाला अशीच टोपणनावे दिली. लाखाला ‘पेटी’, कोटीला ‘खोका’. नंदभाषेच्या ‘मुळू’ आणि ‘पोकू’ यांचे काम आणि यांचे काम एकच, तिसऱ्या कानाला रक्कम कळू नये. २०२२ साली ‘खोके’ हा शब्द घोषणेच्या रूपाने विधिमंडळाच्या पायऱ्यांवर पोहोचला, तेव्हा तो समजून घेण्यासाठी महाराष्ट्रात कुणालाही कोश उघडावा लागला नाही.

मोल्सवर्थच्या कोशाशेजारी दुसरे एक पुस्तक ठेवले पाहिजे. मुंबई इलाख्याचे पोलीस महानिरीक्षक मायकेल केनेडी यांनी १९०८ साली इलाख्यातल्या तथाकथित गुन्हेगार जमातींविषयी टिपणांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. भामटे, पारधी, कंजर अशा एकेका जमातीचे पेहराव, वस्ती, गुन्ह्याची पद्धत यांच्या बरोबरीने त्यांची बोली आणि तिच्या लकबी यांचेही सदर त्यात आहे. त्याच्या सात दशके आधी, १८३६ साली, इंग्रज अधिकारी स्लीमनने ठगांच्या ‘रामासी’ बोलीचा शब्दसंग्रह याच हेतूने छापला होता. व्यापाऱ्याची गुप्त बोली कोशात गेली. भटक्याची पोलिसांच्या पुस्तकात. १८७१ साली झालेला आणि १९११ च्या नव्या अधिनियमाने सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात पसरलेला गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पोलिसांपुढची हजेरी संपली, परंतु बोलीवरचा तो शिक्का पुष्कळ ठिकाणी पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, तेव्हा त्या जगाची भाषा फौजदाराच्या नव्हे, तर तिथे जन्मलेल्या माणसाच्या हातून पुष्कळ मराठी वाचकांपर्यंत आली.

माझ्या वर्गात गावाबाहेरच्या पालांवरून येणारा एक पारधी मुलगा होता. एकदा मधल्या सुटीत तो आपल्या धाकट्या भावाशी त्यांच्या बोलीत काही बोलला. ‘ताई जेवायला घेऊन आली आहे’ एवढेच असावे, कारण ती फाटकाशी उभी होती. आमच्या गुरुजींनी ते ऐकले आणि सर्वांसमोर त्याला बजावले, की चोरांची भाषा शाळेत चालणार नाही. पारध्यांची बोली गुजराती-राजस्थानीच्या कुळातली आहे, आणि आमच्या गावातल्या प्रतिष्ठित गुजर घरांत बोलली जाणारी गुजरी तिची जवळची नातलग आहे, हे गुरुजींना माहीत नव्हते, आणि मलाही ते कळायला पुढे पंचवीस वर्षे लागली. त्या दिवशी मी गप्प बसलो. त्याचे शल्य मला अद्याप आहे.

त्याच वर्षी शेवटच्या बाकावर नावे कोरण्याची साथ आली होती. कंपासाच्या टोकाने जो तो आपले नाव कोरी आणि पुढे ठिकाण: कुणी पाटील गढी, कुणी मल्हारपुरा, कुणी नुसते ‘मेन रोड’. एकमेकांच्या ठिकाणावर काट मारणे, पुन्हा कोरणे, भांडणे, हे सगळे यथास्थित चालले होते. वर्ष संपता संपता तो मुलगा एक दिवस बाकावर वाकलेला दिसला. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी मी बसलो तेव्हा पाहिले: त्याने आपले नाव सुरेख, खोल, आम्हा सर्वांहून सरळ ओळीत कोरले होते, आणि नावापुढे, जिथे आम्ही गल्ली लिहीत होतो तिथे, तितक्याच काळजीने एक आडवी रेघ ओढली होती.