गटारीत गेलं म्हणजे गेलं?

मोहोळमध्ये गटारींचा विषय काढला की उत्तर ठरलेलं: 'आपल्याकडं पाऊसच किती पडतो?' हा हिशेब उलटा आहे. आपल्या जिल्ह्यात पावसाचा मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. तोवर रस्त्यावर सगळं साचत राहतं: माव्याच्या पन्न्या, टायरची झीज, सांडलेलं डिझेल, शेण, बांधकामाची कच. मग एखादा जोराचा पाऊस हे सारं एका दमात गटारीत लोटतो. मोठ्या उघडिपीनंतरच्या पावसाचं पहिलं पाणी म्हणूनच सर्वांत घाण असतं.

दुसरा समज, पुढं कुठंतरी हे पाणी शुद्ध होतं. शुद्धीकरण प्रकल्प सांडपाण्यासाठी असतात. उघड्या गटारीतलं पावसाचं पाणी बहुतेक गावांत थेट ओढ्याला आणि ओढ्यातून नदीला मिळतं. आपल्या पूर्वेकडून सीना वाहते, ती पुढं हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते.

मग 'पूर आला की नदी धुऊन निघते' असंही ऐकवलं जातं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचं पाणी तालुक्यातल्या गावांत, शिवारांत शिरलं. पुराबरोबर वाहणारं प्लॅस्टिक पाणी ओसरल्यावर त्याच शिवारात अडकून बसतं, एवढाच काय तो धुण्याचा अर्थ.

महामार्गामुळं इथं गॅरेजची कमी नाही. जमिनीवर सांडलेलं जळकं ऑइल साबण-पाण्यानं धुतलं की फरशी स्वच्छ दिसते. पण साबणानं तेल नाहीसं होत नाही, बारीक थेंबांत फुटून पाण्याबरोबर निघून जातं. पाण्यावरचा तो सप्तरंगी तवंग पुढं पाण्यात हवा मिसळू देत नाही. त्यापेक्षा सांडलेल्यावर लाकडाचा भुसा टाकावा, तेल मुरलं की भुसा झाडून वेगळा ठेवावा. जळकं ऑइल कायद्यानं घातक कचरा आहे. ते कॅनमध्ये साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं असतं.

डेंगीचं खापर मात्र गटारीवर उगाच फुटतं. तो डास घरातल्या पिंपात, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. गटारीतला क्युलेक्स डास हत्तीरोगाचा.

राहिला 'गटार साफ करणं नगरपरिषदेचं काम' हा मुद्दा. खरं आहे, पण गटारीत कचरा टाकायला २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच बंदी घातली. शिवाय दुकानापुढं सिमेंटचा पक्का ओटा बांधून गटार बुजवली, तर कामगारानं गाळ काढायचा तरी कुठून? ओलांडायला फरशी हवीच असेल, तर उचलता येईल अशी टाका.